अकरा अन् वीस तारखेचे पुंडलिकभाऊ

महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेला पुंडलिकभाऊ वानखडे उपाशी राहतात. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते दुकानात येतात, कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात आणि जीएसटीचं रिटर्न भरायला बसतात. अकराला विक्रीचं, वीसला कराचं. ते पोचल्याची पावती पडद्यावर उमटली की मगच समोरून कचोरी मागवतात. "आंधी सरकारचं, मंग पोटाचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या बायकोला सुरुवातीला वाटलं, भाऊ एकादशी धरतात. तिने दोन महिने साबुदाण्याची उसळ पाठवली. भाऊंनी पावतीची वाट पाहिली आणि कचोरीबरोबर उसळही खाल्ली.

मी या माणसावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांचं ताडपत्री, सुतळी आणि बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्यांचं. माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं. माल माझा महाग, गिऱ्हाईक माझं जास्त, पाटी माझी मोठी. पण मान त्यांना. गल्लीत कोणाचं जीएसटीचं काही अडलं की तो माझ्या पायरीवरून पुढे जाऊन त्यांच्या पायरीवर चढतो. एखादा घामाघूम होऊन नोटीस दाखवायला आला की भाऊ शांतपणे स्टूल पुढे सरकवतात. "नोटीस आली, मानूस मेला नाही. बसा." मग चष्मा पुसून कागद असा वाचतात, जसं काही पोराचं प्रगतिपुस्तक. पैसे घेत नाहीत. घेतले असते तर मला नावं ठेवायला जागा तरी मिळाली असती.

माझं रिटर्न आजवर वेळेवर गेलं असेल तर ते चुकून. लेट फी दिवसाला पन्नास रुपये, आणि त्यावर बायकोचं बोलणं फुकट. "अहो, त्या पुंडलिकभाऊंकडे पाहा जरा!" पाहतोच आहे. पंधरा फुटांवर तर बसतात. वीस तारखेला दुपारी हा गृहस्थ कचोरीचा तुकडा हातात घेऊन माझ्या दारात येतो आणि गोड आवाजात विचारतो, "भरलं ना अरुणभाऊ तुमी?" त्यांना ठाऊक असतं की मी भरलेलं नाही. मला ठाऊक असतं की त्यांना ठाऊक आहे. तरी मी म्हणतो, "होऊनच राह्यलं."

गेल्या वर्षी व्यापारी मंडळाने त्यांचा 'आदर्श करदाता' म्हणून सत्कार केला. मंडळाचा सचिव मी. म्हणजे शाल आणायला मीच गेलो. दुकानात हात फिरवून फिरवून सगळ्यात बोचरी शाल निवडली. भाऊंनी ती घडी करून खुर्चीवर ठेवली आणि तेव्हापासून तिच्यावर बसतात. म्हणतात, "लय मऊ हाय, कंबरेले आराम पडते."

तर असा माणूस कुठेतरी चुकतोच, आणि आपण तिथे हजर असावं, एवढीच माझी इच्छा होती. ती या फेब्रुवारीत पुरी झाली. मंडळाने कराविषयी शिबिर ठेवलं. वकीलसाहेबांना बोलावलं. आमच्याकडे कराचं काम करणाऱ्या कोणालाही वकीलसाहेबच म्हणतात, कोर्टाचं तोंड पाहिलेलं नसलं तरी. तरुण होता, हुशार होता. मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, आधी आमच्या पुंडलिकभाऊंचे कागद पाहा. बाकीच्यांना शिकायला मिळेल."

त्याने पाहिले आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "काका, एवढासा धंदा तुमचा, अन् तुमी दर महिन्याले दोन रिटर्न कावून भरून राहिले? तुमच्यासारख्याले तीन महिन्यांतून एकदाची सवलत हाय. चोवीसच्या जागी आठ. कराचं तेवढं चलान मधात भरा."

सभागृहात हशा पिकला. सगळ्यात मोठा माझा. ज्याला अख्खी गल्ली गुरू मानत होती, त्याला पहिला धडाच माहीत नव्हता! वर वकीलसाहेब म्हणाले, "अन् हा मोबाईल नंबर कोनाचा? ओटीपी दुसऱ्याकडंच जाऊन राह्यला तुमचा. स्वतःचा नंबर टाका, दोन मिनिटांत काम होते."

"पोराचा हाय, बंगलोरले असते तो," भाऊ म्हणाले. "त्यानंच सुरू करून देल्लं होतं."

"मंग बदलून देऊ आता?"

"नोको. माह्या मोबाईलले रेंज नाही राहत." नेमका त्याच वेळी त्यांच्या खिशातला मोबाईल खणखणून वाजला. पुन्हा हशा. भाऊंनी कागद गोळा केले, पिशवीत भरले आणि भाषण संपायच्या आत निघून गेले. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

वीस तारीख आली. त्यांचं उतरलेलं तोंड जवळून पाहावं म्हणून मी सुतळीचा बंडल घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या दुकानात शिरलो. ताडपत्रीच्या थप्पीपलीकडे ते अर्धे पाठमोरे बसले होते. मोबाईल टेबलावर, आवाज पूर्ण मोठा.

"बाबा, ओटीपी आला. लिहा. चार, सात..." हा नितीन, त्यांचा मुलगा.

"थांब बाप्पा, चष्मा सापडून नाही राह्यला."

चष्मा नाकावर होता.

"लवकर करा ना, मीटिंग आहे माझी."

"हो, हो. पोट्टी काय करून राह्यली? दात आले काय?"

"दोन आलेत. सगळ्यांना चावते. लिहा बाबा."

"चावते काय!" भाऊ खुर्चीतल्या खुर्चीत हलले. "तू बी असाच चावे. तुही माय बोटाले फडकं बांधून तुले भरवे. त्या फडक्याले हळद लावे ती, अन् तू..."

"बाबा, वेळ संपला त्या नंबरचा. आता पुन्हा पाठवावा लागेल."

"जाऊ दे. सरकारचं काम हाय, दोनदा झालं तं का बिघडते? पाठोतो मी. तवरक सांग, जेवला काय?"

दुसऱ्यांदा आकडे आले. भाऊंनी एका बोटाने पाच बरोबर टाकले. सहावा नऊ होता. बोट नऊवर गेलं, थांबलं, आणि त्यांनी सहा दाबला. "चुकला म्हनते रे हे. अजूक एक डाव पाठोतो."

तिसऱ्या खेपेला पावती आली आणि पलीकडून फोन लगेच बंद झाला. भाऊ काळ्या पडलेल्या मोबाईलकडे पाहत बसले. मी सुतळी न घेताच पायऱ्या उतरलो.

चोवीसच्या जागी आठ. वहिनी जाऊन चार वर्षं झाली, घरी दुसरं माणूस नाही. वकिलाचं बोलणं त्यांना पहिल्यापासून माहीत असणार, गल्लीतल्या निम्म्या लोकांना तीन महिन्यांची सवलत त्यांनीच तर लावून दिली होती; हसताना ते कोणाला आठवलं नाही. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याच्याही आधी मी जळलो. या माणसाने बंगलोरहून पोराची पंधरा मिनिटं काढून घेतली होती. माझा पोरगा संकेत दिवसभर माझ्याच काउंटरवर, तीन फुटांवर बसतो. दोन्ही कानांत वायरी. सकाळपासून आमचं बोलणं एवढंच झालं होतं, "पाचशेचे सुट्टे द्या."

दुपारी माझा मोबाईल वाजला. नितीन. लहानपणी माझ्या दुकानातल्या वॉशरची माळ करून गळ्यात घालायचा.

"काका, एक काम होतं. आज तीनदा ओटीपी द्यावा लागला, मीटिंगमध्ये साहेबांनी झापलं. बाबा वकिलाकडे काम देत नाहीत, सगळे वकील चोर म्हणतात. तुम्ही शेजारीच आहात, त्यांच्या नंबरवर करून द्या ना ते. नंबर बदलायला जो ओटीपी लागेल तो मी सांगतो. शेवटचा. म्हणजे त्यांचीही कटकट संपेल."

भाऊंचा अकरा-वीसचा थाट मोडायची संधी पोरगं माझ्या हातावर ठेवत होतं. भाऊंच्या दुकानातून उदबत्तीचा वास येत होता.

"नाही जमत बाबू," मी म्हटलं. "मी माह्या दुकानाचा नंबर बदलून पाह्यला. दोन महिने साइटच उघडली नाही. वरून नोटीस आली, दंड बसला, तुह्या बापाच्या पाया पडून निस्तरावं लागलं मले. त्यायचं सारं सरळ चालून राह्यलं, त्याले हात नोको लावू."

सगळं खोटं. पाया पडल्याचं सांगताना तर जीभ अडखळली.

"पण काका, दर महिन्याला दोनदा..."

"दोनदाच ना रे?"

मग तो म्हणाला, "बरं काका. सकाळी नऊच्या आधी करायला सांगतो त्यांना. तेव्हा मीटिंग नसते."

फोन ठेवला. संकेत मान खाली घालून मोबाईल पाहत होता. मी काउंटरवर टकटक केलं.

"आपल्या जीएसटीचा ओटीपी कोनाच्या नंबरवर येते?"

"तुमच्या."

"तुहा टाक."

त्याने एका कानातली वायर काढली. "कावून? मी तं इथंच बसतो."

"दुसरी बी काढ," मी म्हटलं. "सांगतो."