ओट्यावरचं कॅल्क्युलस

मालतीवहिनींकडे जेवायला बसलात आणि आमटीला किंचित खडूची चव लागली, तर काही बोलू नका. त्यांच्या स्वयंपाकघरातला ओटा काळ्या कडाप्प्याचा आहे आणि त्यावर त्या गणितं सोडवतात. साधीसुधी नव्हेत, बारावीची. शेगडीच्या डाव्या अंगाला लिमिट, उजव्या अंगाला डेरिव्हेटिव्ह आणि उरलेल्या वीतभर जागेत पोळपाट. एकदा मी आमटीची वाटी ओट्यावर टेकवली, तर ओरडल्या, "मास्तर, एक्सवर ठेवलीत!"

मी इथे रत्नागिरीतच ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो. अख्खी आळी मला सर म्हणते, शेजारच्या ह्या बाई मात्र मास्तर. साठी केव्हाच उलटलेली, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, शिक्षण जुनी मॅट्रिक. त्यांना हे खूळ लागलं ते नातीपायी. जुई, त्यांच्या लेकीची लेक, पुण्यात बारावीला आहे. इंजिनिअर व्हायचं तिनं लहानपणीच ठरवून टाकलेलं. पहिल्याच चाचणीत गणितात आपटली आणि फोनवर रडत म्हणाली, "आजी, मी गणित सोडतेय. मला ते येणारच नाही."

"मेलं येत नाही म्हणजे काय? थांब, आधी मी शिकते," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझी वामकुक्षी मोडून, पुस्तक काखोटीला मारून बाई दारात हजर!

लिमिटपासून सुरुवात केली. म्हटलं, एक्स टेंड्स टू दोन, म्हणजे एक्स दोनच्या जवळ जवळ जातो, पण दोन होत नाही.

"म्हणजे सोवळं हो! जवळ जायचं, पण शिवायचं नाही. आमच्या सासूबाईंनी जन्मभर लिमिटच पाळलं."

मी म्हटलं, तसं नाही. मग जरा विचार केला, तर बऱ्यापैकी तसंच होतं. मला उगाचच राग आला.

शून्य भागिले शून्य आलं की माझी हुशार मुलंसुद्धा गांगरायची. वहिनी नाही गांगरल्या. "वर एक्स वजा दोन, खाली एक्स वजा दोन. दोन्ही घरांत भांडण लावणारा तोच. हाकला त्याला, बाकीचे नांदतील सुखानं." हाकलला, आणि उत्तर बरोबर आलं. त्या दिवसापासून त्यांचा आत्मविश्वास काही विचारू नका. लेक-जावई पुण्याहून निघाले आणि जवळच्या हातखंब्याला पोचल्याचा फोन आला की म्हणतात, "तुम्ही अजून टेंड्स टू रत्नागिरी. अंगणात पाय लागला की पोळ्या टाकते." भजनी मंडळात तर पॉवर रूल चालीवर बसवायचा घाट घातला होता. पेटीवालीनं साफ नकार दिला म्हणून आम्ही वाचलो.

रोज संध्याकाळी फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा करायचा आणि आजी-नातीनं गणित करायचं, हा नेम. एकदा मी वाटीभर ओले काजू द्यायला गेलो, तेव्हा फोन चालू होता. एक्स स्क्वेअर गुणिले साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह. दुपारीच वहिनींनी ते माझ्यासमोर बिनचूक सोडवलेलं. मी ऐटीत ऐकत उभा राहिलो.

"सोप्पं आहे गो," वहिनी म्हणाल्या. "ह्याचं टू एक्स, त्याचं कॉस एक्स, दे गुणून."

सपशेल चूक! मी तोंड उघडणार, तोच वहिनींनी माझ्यावर डोळे वटारले.

"आजीऽ! किती वेळा सांगू? असं गुणायचं नसतं!" फोनमधून जुई कडाडली. "पहिलं तसंच ठेव, दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह घे. अधिक. आता दुसरं तसंच ठेव, पहिल्याचं घे. लिही."

आजीनं मुकाट लिहिलं. "पण अधिक का गो? माझ्या डोक्यात शिरत नाही."

"बरं, तू आंब्याची साठं घालतेस ना, त्या चौकोनी आंबापोळ्या? साठाची लांबी जराशी वाढली, रुंदीही जराशी वाढली, तर दोन बाजूंना दोन पट्ट्या वाढतात की नाही? त्या दोन पट्ट्यांची बेरीज. कोपऱ्यातला तुकडा इतका बारीक की सोडून द्यायचा. कळलं?"

फोन बंद झाल्यावर मी उसळलोच. "वहिनी, दुपारी येत होतं ना तुम्हाला?"

"येतंय हो. पण बरोबर सांगितलं की ती 'ओके आजी' म्हणते आणि फोन ठेवते. चुकले की चिडते, आणि मग शिकवायला बसते. ऐकलंत ना, कशी ओरडली माझ्यावर? हीच पोर येणारच नाही म्हणून रडत होती." त्या ओटा पुसायला लागल्या. "आणि खरं सांगू? दिवेलागणीनंतर ह्या घरात दुसरा आवाज तेवढाच."

परीक्षा झाल्यावर काय, हे मला विचारायचं होतं. विचारवेना. काजूंची वाटी हातातच राहिली होती, ती त्यांनीच घेतली.

"मास्तर, उद्या मला नवी चूक शिकवा. ही तिला आता लगेच सापडते."

जन्मभर मी लाल शाईनं चुका खोडत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बसलो आणि क्वोशंट रूलमध्ये वजाच्या जागी अधिक घालून एक चांगली चूक तयार केली. जुई चिडेल, पण शोधून काढेल तीच, अशी. दुपारी वहिनींकडे घेऊन गेलो. त्यांनी ओटा स्वच्छ पुसला, पदर खोचला आणि ती पाठ करायला घेतली.