आधी नाव, मग छापखाना

वासुदेवभाऊ मेश्रामांच्या सायकलला एक पाटी बांधलेली असे : ‘साप्ताहिक बोलती वस्ती. संपादक – वासुदेव मेश्राम.’ असे साप्ताहिक नागपुरात कुठेही मिळत नव्हते. ते अजून निघायचे होते.

नाव मात्र दिल्लीहून रीतसर मंजूर होऊन आले होते. वासुदेवभाऊ गिरणीतली पाळी संपवून येत, पाटी पुसत आणि आमच्या वस्तीतल्या प्रत्येक सभेत पत्रकारांच्या खुर्चीवर जाऊन बसत. चहावाला विचारी, “संपादकसाहेब, पेपर कवा निघून राहिला?”

“नाव पहिले,” ते गंभीरपणे सांगत. “छापखाने काय गा, पैशाले पासरी.”

या पासरीभर छापखान्यांतला एकही त्यांना पसंत पडत नव्हता. एकाची शाई फिकट. दुसऱ्याकडे ‘ळ’चे खिळे अपुरे. “चळवळ हा शब्द पानात दोनदा आला का त्याचा टाइप संपते. आपला पेपर कसा छापन तो?”

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी विशीत होतो, पत्रकांवर वाढलेला. पहिल्या अंकाचा अग्रलेख माझ्या खिशात तयार होता. मुदतीत अंक निघाला नाही, तर मंजूर झालेले नाव रद्द होणार होते. मुदत संपत आली तेव्हा इतवारीतल्या एका छापखान्याच्या मालकाने तोडगा सुचवला : कागद त्याचा, छपाई त्याची, लेख आमचे. फक्त साप्ताहिकाचे नाव त्याच्या मालकीचे करून द्यायचे.

वासुदेवभाऊ उठले. “चाल गा.”

रस्त्यावर मी भडकलो. “काहून हट्ट करून राहिले, भाऊ? लोकायवर अन्याय होऊन राहिला अन् तुम्ही एका नावाले कवटाळून बसले!”

“छापखाना भाड्याचा चालते. आज इथं, उद्या तिथं. पण नावच त्याचं झालं, तर त्यानं हाकलल्यावर आपुन कुठं जाऊ?”

त्या रविवारी ते मला कन्हानला आपल्या आईकडे घेऊन गेले. पाटीसकट. म्हातारीला फार कमी दिसत असे. सायकलचा आवाज ऐकून तिने आतून हाक मारली, “कचऱ्या, आला का रे?”

मी पेटलो. माणसाला कचरा म्हणणाऱ्या समाजाविरुद्ध एक अख्खे पत्रक मला तोंडपाठ होते. पण नावासाठी साप्ताहिक पणाला लावणारा हा माणूस “आलो माय” म्हणत लहान पोरासारखा तिच्या पायाशी जाऊन बसला.

“कोणं ठेवलं हे नाव, आजी?”

“म्या,” ती म्हणाली. “याच्या पहिले दोन झाले. दोघंबी बारशाच्या आंधीच गेले. नाव ठेवाचंच राहून गेलं. हा झाला तवा मी वाट नाही पाहिली. उकिरड्यावर ठेवला, उचलला अन् कचरू म्हणून हाक देली. नजर लागू नये म्हणून. मंग जगला.”

मला पत्रकातले एकही वाक्य आठवेना.

म्हातारीने चाचपडत सायकल गाठली, पाटीवरून बोटे फिरवली. “तुया पेपर निघाला का रे?”

वासुदेवभाऊंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“नाव ठेवलं ना, माय,” ते म्हणाले. “आता जगन तो.”