चार मिनिटांत सापडलेली फाईल

अभिलेख कक्षातल्या कारकुनाला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवून सदतीस दिवस झाले होते. त्याने काहीही केलेलं नव्हतं, हे सरकारलाही मान्य होतं. काही करू नये म्हणूनच तर त्याला आत ठेवलं होतं.

बायकोने त्या आदेशाला कोर्टात आव्हान दिलं. सुनावणीच्या दिवशी ती मांडीवर पिशवी घेऊन पुढच्या बाकावर बसली. पिशवीत त्याचा इस्त्रीचा शर्ट आणि वाचायचा चष्मा. सुटला की शर्ट बदलूनच घरी न्यायचा, असं तिचं ठरलेलं.

"कारणं काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सुरक्षेची, साहेब. गोपनीय फायलीत आहेत," सरकारी वकील म्हणाले.

"मग दाखवा फाईल."

"सापडत नाही. कुठली फाईल कुठे आहे, हे खात्यात एकालाच ठाऊक असतं."

"त्याला बोलवा."

वकील खाकरले. "समोरच बसलाय, साहेब. दोन पोलिसांच्या मध्ये."

चार वाजेपर्यंत फाईल आली नाही तर याला सोडा, असा हुकूम झाला. खात्याने लगेच कारकुनाला तासाभरासाठी कामावर रुजू करून घेतलं, पोलिसांसकट. बायको जिन्यापर्यंत मागे धावली.

"अहो, आजच्या दिवस नका ना शोधू! हात जोडते."

"अगं, बावीस वर्षांत एक फाईल हरवली नाही माझ्याकडून. आज हरवली तर लोक काय म्हणतील?"

"आत्ता फार चांगलं म्हणतायत का?"

"चष्मा दे."

आणि इतक्या वर्षांची सवय, तिने दिलाही.

चार मिनिटांत तो फाईल घेऊन आला. त्याला उचलून नेण्याच्या आदल्या दिवशी ती मोहोरबंद आली होती. वर 'गोपनीय' बघून त्यानेच न उघडता कपाटात लावली होती. आत एकच कागद निघाला : 'सदर कर्मचाऱ्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही. बाब संशयास्पद.'

न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला, कपाळाला हात लावला आणि सुटकेचा आदेश दिला. व्हरांड्यात शर्टाची एक बाही चढवून होते तोच नवा आदेश आला : 'सदर इसमास गोपनीय फायलींचा ठावठिकाणा माहीत असल्याचे आज न्यायालयासमक्ष सिद्ध झाले आहे. सबब पुनश्च स्थानबद्ध करावे.' चष्मा साधन म्हणून जप्त झाला.

"ही नवी फाईल कुठे लावायची हो?" अधिकाऱ्याने विचारलं.

"डावीकडून तिसरं कपाट, वरचा खण," कारकून म्हणाला. बायकोने डोळे मिटून घेतले.

घरी जिन्यात शेजारी भेटले. "वहिनी, राग मानू नका, पण सरकार उगाच कुणाला धरतं का? काहीतरी असणारच."

शेजारी भला माणूस, सरकारी नोकर. त्यांच्याविरुद्धही आजवर एकही तक्रार नाही.

तुमच्याविरुद्ध आहे का एखादी? बघा बाई, असली तर बरं.