लाखवात आणि ईरण्णाबुवांची लय

हिंमतराव ग्रुपमधून बाहेर पडले, तेव्हा वनमालाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. आत राघवेंद्ररावांनी मोबाइल असा पालथा टाकला, जणू उताणा ठेवला तर हिंमतराव त्यातून परत वर येतील.

"गेले," ते म्हणाले. "जाऊ देत. ज्याला लय कळत नाही त्यानं गाण्यावर बोलूच नये."

वनमालाबाईंनी उरलेलं पाणी वृंदावनात ओतलं, हात जोडले आणि मग हळूच विचारलं, "अहो, पण मग तुळजाबाईंचं काय?"

"त्यांचं काय? त्या ग्रुपमध्ये नव्हत्याच."

"तसं नव्हे. माझ्या उद्यापनाचं म्हणतेय मी."

राघवेंद्ररावांना उद्यापनाचं काही आठवेना. ते धाराशिवच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि साऱ्या आयुष्यात दुसऱ्यांचे निकाल लिहून घेतल्यावर आता स्वतः निकाल द्यायची त्यांना ओढ लागली होती. त्यासाठी त्यांनी 'श्रवणभक्ती' नावाचा ग्रुप काढला होता. दर शनिवारी एक जुनी ध्वनिफीत ठरायची, ज्यानं त्यानं ती आपापल्या घरी ऐकायची आणि अभिप्राय लिहायचा. नुसतं 'छान' लिहायला बंदी होती. अंगठा दाखवणं हा तर कलावंताचा अपमान समजला जाई. एकदा एका डॉक्टरांनी दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं, तर राघवेंद्ररावांनी त्यांना विचारलं होतं, "हा नमस्कार गवयाला आहे की आम्हाला?"

या शनिवारी ठरले होते ईरण्णाबुवा. मुरुम गावाकडचे हे गवई. जाऊन पुष्कळ वर्षं झाली. देवळातल्या उत्सवात गायलेला त्यांचा पूरिया राग कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्या मैफलीला राघवेंद्रराव आणि भूमजवळच्या ईट गावचे हिंमतराव एकाच सतरंजीवर बसले होते, आणि त्यांची दोस्ती तिथंच जमली होती. त्या गाण्याची एकेक कॅसेट दोघांकडेही होती. राघवेंद्ररावांची अजून कॅसेटच होती. हिंमतरावांची त्यांच्या मुलानं, रणधीरनं, पुण्याहून मोबाइलवर उतरवून आणली होती.

राघवेंद्ररावांनी पहिला अभिप्राय टाकला. "बुवांची लय म्हणजे गाभाऱ्यातली समई. घाई नाही, गडबड नाही. आवाज तर विहिरीच्या तळातून आल्यासारखा."

ईटहून लगेच उत्तर आलं. "समई कशाची? दिवाळीतला बाण हाय बाण! बुवा लई सुसाट गात्यात. तबलजीला घाम फुटलेला ऐकू येतो."

"ऐकताना शेजारी मळणीयंत्र चालू असावं."

"तुमाला डुलकी लागली असंल."

"मी त्या मैफलीला समोर बसलो होतो, हिंमतराव!"

"अन् म्या तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो हुतो. तवा बी घोरत हुता तुमी."

इथं कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक कृष्णराज मध्ये पडले. "दोन्ही अभिप्राय आपापल्या जागी योग्य आहेत," असं त्यांनी लिहिलं. त्यामुळं दोघंही त्यांच्यावर चिडले, आणि थोड्या वेळानं हिंमतराव बाहेर पडले.

वनमालाबाईंना बाण कळत नव्हता की समई. त्यांचा जीव भलतीकडंच अडकला होता. त्यांनी लाखवातीचं व्रत धरलं होतं. रोज दुपारी पोथी वाचून झाली की बैठकीच्या खिडकीशी बसायचं, तिथं उजेड बरा येई, आणि नामस्मरण करत वाती वळायच्या. वातींना देवकापूस हवा, आणि तो यायचा ईटहून, हिंमतरावांच्या बायकोच्या, तुळजाबाईंच्या परसातल्या झाडाचा. व्रत धरतानाच वनमालाबाईंनी देवापुढं पाणी सोडून म्हटलं होतं, की ज्यांच्या कापसाच्या वाती, त्याच जोडप्याचं उद्यापनाला पहिलं पान. वाती वळून झाल्या होत्या. त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आली होती. आणि पहिलं पान ग्रुपमधून निघून गेलं होतं.

त्यांनी तुळजाबाईंना फोन लावला.

"ताई, काय सांगू तुमाला," तिकडून तुळजाबाई म्हणाल्या. "भाकरीवर राग काढायलेत. म्हणत्यात, त्या घराची पायरी चढणार न्हाय."

"अहो, पण मी देवापुढं बोललेय. जोडप्यानं यायला हवं. दुसरं कुणी बसवून चालायचं नाही."

"मग मी देवालाच मधी घालते. मला न्हाय म्हणत्याल, देवाला न्हाय म्हणायची छाती न्हाय त्यांची."

संध्याकाळी निरोप आला. येतील, पण गाण्याचा शब्द निघाला तर हिंमतराव भरल्या ताटावरून उठतील. राघवेंद्ररावांनी तो ऐकला आणि म्हणाले, "मग मीही उठेन." वनमालाबाईंनी दोघांच्या वतीनं देवाला नमस्कार केला.

उद्यापनाच्या आदल्या दिवशी त्यांनी बैठक झाडायला घेतली. खिडकीखालच्या चौरंगावर राघवेंद्ररावांचा टेप होता. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून वनमालाबाई वर्षभर नुसतं वरून फडकं फिरवत आल्या होत्या. पण त्या दिवशीच्या रागात राघवेंद्ररावांनी कॅसेट उपसून बाहेर काढली होती आणि झाकण उघडंच राहिलं होतं. आत, जिथून फीत सरकते तिथल्या रबरी चाकाला काहीतरी पांढरं गुंडाळलेलं दिसलं.

वनमालाबाईंनी ते टोकाला धरून हलकेच ओढलं. ते येतच राहिलं. दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं, पण त्यांच्या बोटांनी लगेच ओळखलं. देवकापूस होता. वर्षभर शेजारी बसून त्यांनी वाती वळल्या, आणि त्यातला उडालेला तंतू तंतू त्या चाकानं स्वतःभोवती वळून घेतला होता.

त्यांनी घाबरतच कॅसेट घातली आणि आवाज बारीक करून कळ दाबली. बुवा तेच, पूरिया तोच. पण बुवा वयानं चांगलेच लहान झाल्यासारखे वाटत होते, आणि गाणं टुणटुणीत चाललं होतं. म्हणजे इतके दिवस यांनी जी समई तेवताना ऐकली, ती कापसात अडकून रखडणारी फीत होती. हिंमतरावांचं खरं होतं, आणि दोन घरांत जे झालं ते आपल्या वातींपायी झालं.

राघवेंद्रराव बाजारातून आले तशा त्या म्हणाल्या, "अहो, ऐकता का? तो टेप आहे ना, त्यात कापूस..."

"हात लावलास?"

"पुसताना लागला. पण आत चाकाला..."

"वनमाला, यंत्राचीसुद्धा एक बैठक असते. ती मोडायची नाही." आणि ते पान-सुपारी मोजायला आत गेले. बुवांची कॅसेट हिंमतरावांनी माफी मागेपर्यंत ऐकायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळं प्रत्यक्ष लावून दाखवायचीही सोय नव्हती.

वनमालाबाईंनी रात्रीच्या आरतीला देवाशीच सल्लामसलत केली. सांगून ऐकत नाहीत. मग कानांनी ऐकू देत. पानं वाढली की टेप लावायचा. यांचं यांनाच उमगेल, हे चूक कबूल करतील, भाऊजी खूश होतील आणि पान गोड होईल. बेत इतका सरळ होता की त्यात देवालाही काही सुचवण्यासारखं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ईटची जीप दारात उभी राहिली. हिंमतरावांनी पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि पाटावर बसले. समोरच्या पाटावर राघवेंद्रराव. मधे रांगोळी. तुळजाबाईंचं पान आत स्वयंपाकघरात मांडलं होतं.

"पाऊस बरा झाला म्हणे भूमकडं," राघवेंद्रराव आमटीकडं पाहून म्हणाले.

"झाला," हिंमतराव कोशिंबिरीला म्हणाले.

"सोयाबीन?"

"हाय."

पुरणपोळीवर तूप पडलं. वनमालाबाई बैठकीच्या कोपऱ्यात गेल्या, मनात देवाचं नाव घेतलं आणि कळ दाबली. तंबोरे लागले. दोघांचेही हात ताटावरच थांबले.

"हे कुणी लावलं?" राघवेंद्रराव गुरगुरले.

"मी लावलं. देवाचं कार्य आहे, गाण्याचा शब्द कुणी काढलेला नाही. गाणंच लावलंय," वनमालाबाई हळूच म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

बुवा गाऊ लागले. राघवेंद्ररावांची मान आधी नेहमीच्या लयीत डोलली, मग मागं पडली, मग थांबली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. अगदी बेतल्याप्रमाणं. त्यांनी घास खाली ठेवला आणि घसा खाकरला.

"हिंमतराव, मी चुकलो. बुवा चपळच गातात. काय धाव आहे! माझा कान कुठं होता कुणास ठाऊक."

वनमालाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. ते उघडायच्या आत हिंमतरावांचा आवाज आला.

"न्हाय, राघवेंद्रराव. चुकलो म्या. ही धाव कुठाय? किती निवांत गात्यात! समईच की हो. तुमचंच बरुबर हुतं."

"अहो, समई नाही. बाणच आहे."

"समई हाय."

"तुम्हीच बाण म्हणाला होता!"

"तवा माझी अक्कल गहाण पडली हुती. आता मोकळ्या मनानं सांगतोय, समई हाय."

"हिंमतराव, मी भरल्या ताटावर चूक कबूल करतोय, आणि तुम्ही मला खोटं पाडताय?"

"अन् म्या काय करायलोय? एवढं मन मोठं करून तुमचं खरं म्हणतोय, तर तुमी मलाच खरं ठरवायलाव! व्हय हो, तुमाला कुणाचं ऐकायची सवयच न्हाय!"

"तुमचंच खरं आहे! शेवटचं सांगतो!"

"तुमचंच हाय! अन् हे चाललो मी!"

हिंमतरावांनी जमिनीवर हात टेकला.

वनमालाबाईंनी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. त्यांना काही कळेना. यांना लय वाढलेली वाटली हे समजत होतं. पण भाऊजींना तीच कमी झालेली कशी वाटली?

"ताई, काय झालं वो बुवांना?" मागून तुळजाबाई पुटपुटल्या. "आमच्या मोबाइलवर तर लई पळत्यात."

"पळतात म्हणजे?"

"म्हणजे... आता तुमच्यापास्नं काय लपवू? सकाळी पोथी ऐकल्याबिगर मी च्या घेत न्हाय. त्यांच्याच मोबाइलवर लावते. तो वाचणारा लई चावून चावून वाचतो, अन् माझं डोकं दुखाया लागतं. म्हणून मी त्याची गती वाढवून ठेवलीय. तवापास्नं त्यात समदंच पळतंय. बातम्या बी."

वनमालाबाईंनी पदर सावरला आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. दोन पुरुष भांडत असताना मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, उठू नका. तुम्ही दोघंही चुकलेला नाहीत. चुकलो आम्ही दोघी." आणि एका दमात, आवाज जराही न चढवता, त्यांनी सगळं सांगितलं. टेपातला कापूस, मोबाइलवरची पोथी, चहा, रखडलेले बुवा, पळालेले बुवा आणि आत्ता चालू आहेत ते खरे बुवा. दाराआडून तुळजाबाईंनी "व्हय, व्हय" म्हणून साक्ष दिली.

 बुवा गातच होते. हिंमतरावांनी राघवेंद्ररावांकडं पाहिलं. राघवेंद्ररावांनी हिंमतरावांकडं पाहिलं. कित्येक दिवसांनी दोघांची नजर सरळ एकमेकांना मिळाली होती.

"कापसानं लय बदलते म्हणे," राघवेंद्रराव म्हणाले.

"अन् च्यासाठी बुवा पळत्यात," हिंमतराव म्हणाले.

आणि दोघंही असे हसले, की हिंमतरावांना ठसका लागला आणि राघवेंद्ररावांनी स्वतः उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

"वहिनी, तुमी मनाला लावून घेऊ नगा," हिंमतराव डोळे पुसत म्हणाले. "तुमचा भाव चांगला हाय. पण गाण्यातलं ते तसं नसतंय. कान तयार व्हायला वर्सं जात्यात."

"तेच तर," राघवेंद्रराव म्हणाले. "थोर गवई दर वेळी निराळा भेटतो. एकदा संथ वाटतो, एकदा चपळ. ही त्याची सिद्धी असते. यंत्राचं त्यात काय?"

"वा! हे लिवा, राघवेंद्रराव. लगीच लिवा."

"तुम्ही आधी ग्रुपमध्ये या. दोघांच्या नावानं टाकू. बसा, बसा. अगं, हिंमतरावांना पोळी वाढ. पान अर्ध्यावर सोडायचं नसतं."

अभिप्राय गेला. राघवेंद्ररावांचा हात पुरणाचा होता म्हणून हिंमतरावांनी डाव्या हातानं मोबाइल धरला, राघवेंद्ररावांनी डाव्या बोटानं टंकलं, आणि 'सिद्धी' या शब्दावर दोघांचं पूर्ण एकमत झालं. लगोलग डॉक्टर, वकील, कुणी कुणी 'अगदी मनातलं बोललात' म्हणून लिहू लागले. प्राध्यापक कृष्णराजांनी लिहिलं, "मी तेव्हाच म्हणालो होतो."

जोडप्यानं पोटभर जेवून विडा घेतला. वनमालाबाईंनी दोघांना वाकून नमस्कार केला, आणि व्रत पुरं झालं. मग त्या स्वयंपाकघरात आपलं पान घेऊन बसल्या, आणि तुळजाबाई शेजारी टेकल्या.

"ताई, आपण येवढं खरं सांगितलं, अन् एकानं बी मानलं न्हाय की," तुळजाबाई म्हणाल्या. "राग न्हाय आला तुमाला?"

"ताटावर परत बसले ना? मला तेवढंच मागायचं होतं," वनमालाबाई म्हणाल्या आणि पहिला घास घेतला.

तेवढ्यात बैठकीतून हिंमतरावांची सुपारी चघळत मारलेली हाक आली. "वहिनी, ती बाजू संपली वाटतं! बुवांना परत लावा की एकदा. बघू आता कसे लागत्यात!"

वनमालाबाईंनी घास शांतपणे संपवला, हात धुतला, पदराला पुसला आणि आतूनच, रोज देवाशी बोलत त्याच आवाजात विचारलं,

"सावकाश लावू, भाऊजी, की भरभर?"