लबाड आजोबांची सही

एका जंगलात, मुलांनो, वाघाला शिकारीपेक्षा जुन्या कागदांचा नाद लागला. मग साहजिकच तो सगळ्या जंगलाला लागला.

कागद साधेसुधे नव्हेत. फार पूर्वी तिथे सोन्याच्या खाणी खोदायला कंपन्या निघाल्या होत्या, त्यांच्या शेअरचे कागद. कडेने वेलबुट्टी, वर डोंगर आणि खाली मालकाची सही. ज्या खाणीतून सोनं निघालं तिचे कागद पोत्याने मिळत. त्यांना कुणी विचारत नसे. जी खाण बुडाली तिचे कागद जनावरांनी रागाने चुलीत घातले होते. त्यातला एखादा उरलासुरला सापडला, तर शौकीन मंडळी पंजे धुऊन तो हातात घेत.

सगळ्यांत मोठा मान पिवळ्या टेकडीच्या कंपनीला होता. तिथे सोन्याचा कणही निघाला नव्हता. ती काढणारं खवल्या मांजर म्हणजे जंगलातला पहिल्या नंबरचा लबाड, असं पोरंसुद्धा कौतुकाने सांगत.

त्याचा नातू खवलोबा अजून त्याच टेकडीत राहायचा. आता म्हातारा झाला होता. मुंग्या खायचा आणि गप्प असायचा. लहानपणी आजोबा त्याला म्हणाले होते, "सोनं आहे रे बाळा. माझीच नखं कमी पडली." तेवढ्यावर तो जन्मभर खोदत राहिला. आजोबांना एकदा कुणीतरी खरं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि एके दिवशी त्याच्या नखाला सोनं लागलं. चांगला पेरूएवढा गोळा.

तो घेऊन खवलोबा कागदवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष होते उदमांजर. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत.

"रावसाहेब, आजोबा खरं बोलत होते."

रावसाहेबांनी आधी दार लावून घेतलं. "आणखी कुणाला दाखवलंस?"

"बायकोला. ती म्हणाली, आधी पंजे धुऊन जेवायला बसा."

"शहाणी आहे. अरे, मी मुलीच्या लग्नात तुझ्या आजोबांचा कागद दिलाय. उद्या ते प्रामाणिक निघाले तर जावई काय म्हणेल?"

"पण ते होतेच प्रामाणिक."

"असतील. माझेही आजोबा होते. त्यांचं नाव कुणाला ठाऊक आहे का?"

खवलोबा गोळा घेऊन घरी गेला. पण मंडळाचं प्रदर्शन भरलं तेव्हा तो न बोलावता गेला. आजोबांचा कागद काचेत लावला होता. त्याच्यासमोर त्याने गोळा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे पिवळ्या टेकडीतलं सोनं. माझे आजोबा खोटं बोलले नव्हते."

सगळ्यांनी वाघाकडे पाहिलं. मग वाघ हसला. मग सगळेच हसले.

"काय तो चेहरा," वाघ डोळे पुसत म्हणाला. "थेट आजोबांवर गेलाय."

"आणि गोळा रंगवलाय किती बेमालूम," रावसाहेब घाईघाईने म्हणाले. पहिली टाळी त्यांचीच होती.

एक रानडुकरीण कागद घेऊन पुढे आली. "मामा, एवढी सही द्या ना. आजोबांच्या शेजारीच करा."

खवलोबाने सही केली नाही. त्याने सोनं पोटाशी घेतलं आणि तिथेच अंगाचं वेटोळं करून बसला.

त्यालाही टाळ्या पडल्या.

तात्पर्य: मुलांनो, आजोबांचं नाव राहावं असं वाटत असेल, तर त्यांच्याबद्दलचं खरं कुणाला सांगू नका. आणि आजोबा नुसतेच भले असतील, तर आजच त्यांच्याजवळ थोडं बसून घ्या. पुढे त्यांना कुणी काचेत लावणार नाही.