नमुना क्रमांक आठ

आइस्क्रीमच्या गोळ्यावरून पहिला थेंब बशीत पडायला चार मिनिटं दहा सेकंद लागले. खोलीचं तापमान एकेचाळीस अंश होतं, पंखा दोनवर होता आणि अध्यक्ष प्रास्ताविकाच्या दुसऱ्या वाक्यात होते. शीला खोब्रागडे यांनी चारही नोंदी वहीत केल्या. त्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. खाद्यवारसा निर्धारण समितीवर त्यांना शास्त्रीय तज्ज्ञ म्हणून घेतलं होतं, कारण बैठकीला स्वतःचा थर्मामीटर आणू शकणारं दुसरं कोणी सापडलं नव्हतं.

नमुना नानाजींचा होता. दिग्रसच्या बसस्टँडसमोर, कडुनिंबाखाली नानाजी एकोणपन्नास वर्षं लाकडी पॉट फिरवत होते. मधे दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर हँडल. आता त्या जागी दहा फूट उंच फायबरचा आइस्क्रीमचा कोन उभारायचा होता. आइस्क्रीम संस्कृतीचा इतिहास नव्या पिढीला कळावा, हा हेतू. अडचण एवढीच होती की त्या जागी आइस्क्रीम होतं. नानाजींचं आइस्क्रीम वारसा ठरलं तर पॉट तिथेच राहणार होता. नाही ठरलं तर एकतीस मेपर्यंत उठणार होता.

पक्षपाताला वाव नव्हता. वारसा समिती आणि सुशोभीकरण समिती, दोन्हींचे अध्यक्ष प्रफुल्लभाऊच होते. ते एका समितीकडून दुसरीला पत्र लिहीत आणि विहित मुदतीत स्वतःला उत्तर देत.

समितीच्या नियमावलीत अकरा कलमं होती. शेवटच्या कलमात शास्त्रीय तज्ज्ञांचा अभिप्राय अंतिम राहील असं म्हटलं होतं. तिसऱ्या कलमापुढे कोणी वाचलं नव्हतं. शीलाताईंनी वाचलं होतं.

पहिल्या बैठकीत निवृत्त शिक्षिका कोकिळाबाईंनी आइस्क्रीमचा इतिहास वाचला. बादशहांचा बर्फ डोंगरातून निघाला. घोडे बदलले, बोटी बदलल्या, दिल्ली काही येईना.

"ताई," दारातून नानाजी म्हणाले, "तुमचा बर्फ दिल्लीत पोचेस्तोवर माहा इथं पानी होऊन राह्यला."

इतिवृत्तात नोंद झाली : 'नमुना द्रवरूप आढळला. सबब विषय पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग करावा.' विभागाने महिन्याने कळवलं की नळाला असं काही येत नाही. द्रव मात्र सभासदांनी तपासणीअंती चमच्याचमच्याने पिऊन टाकला होता.

दुसऱ्या बैठकीत या अनुभवातून शिकून नमुना आधी आणि इतिहास नंतर, असा क्रम ठरला. वेलचीच्या प्रमाणाबद्दल मतभेद झाले, म्हणून प्रत्येकाने दुसरी वाटी घेतली. मतभेद मिटले नाहीत.

तिसऱ्या बैठकीत प्रफुल्लभाऊ गंभीर झाले. "नानाजी, वारसा म्हणजे किमान पन्नास वर्षं जुना लागते. तेवढा जुना नमुना आणा."

"साहेब, पन्नास वर्षांचं आइस्क्रीम कोन खाते? मी सकाळचं संध्याकाळी विकत नाही."

"मंग आजचंच आणा. पण घाई कायले करता? वारसा हाय, घाईनं होत नसते."

चौथ्या बैठकीला मूर्तिकार अतुल आला. कोनासाठी त्याला समोर नमुना ठेवून माती घडवायची होती. नमुना दर चार मिनिटांनी आकार बदलत असल्याने त्याला सहा वाट्या लागल्या. फायबरच्या कोनावर शेवटी एक कायमचा ओघळ आला. तो समितीने पाच मिनिटांत, एकमताने मंजूर केला.

पाचव्या बैठकीपासून हजेरी शंभर टक्के होती. दोघे घरून चमचे आणू लागले. साखरेच्या दुखण्यामुळे राजीनामा दिलेले एक सभासद निरीक्षक म्हणून परत आले. सहाव्या बैठकीला प्रफुल्लभाऊंचं कुटुंब नागरिकांचं प्रतिनिधित्व करायला आलं आणि त्याने ते दोन-दोनदा केलं. एवढी कार्यक्षम समिती गावाने पाहिली नव्हती. निर्णय सोडून सगळं वेळेवर होत होतं.

प्रत्येक वेळी शेवटी अध्यक्ष विचारत, "मॅडम, शास्त्र काय म्हणते?"

शीलाताई चमचा पुसून म्हणत, "आणखी एक निरीक्षण आवश्यक."

सातव्या बैठकीनंतर त्या बसस्टँडसमोरून जात होत्या. कडुनिंबाखाली कोनासाठी खड्डा खणून झाला होता. नानाजींनी स्टूल मातीच्या ढिगावर मांडलं होतं. पॉट मांडीशी धरला होता, खड्ड्यात घसरू नये म्हणून.

"मॅडम, तुमी वहीत काय लिवता एवढं?"

"वितळायला किती वेळ लागतो ते."

"ते कायले मोजाचं? लवकर खाल्लं तर वितळत नाही." नानाजी हसले. "बाकी तुमच्यामुळं धीर येते. बाकीचे फुकटाचं म्हनून खातेत. तुमी तपासता."

शीलाताईंनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी वही उघडली. सात रकाने नीट भरलेले होते. पहिल्या रकान्यात जे कळलं होतं, त्यात पुढच्या सहांनी काहीही भर घातली नव्हती. विद्यार्थ्याची वही असती तर त्यांनी लाल शाईने विचारलं असतं : प्रयोग पुन्हा का केला?

तीस मेला आठवी बैठक भरली. कोन ट्रकवर येऊन बाहेर उभा होता. सभासदांनी चमचे काढले. नानाजींनी टेबलावर एकच वाटी ठेवली.

"दूध एवढंच होतं," ते म्हणाले. "उद्या उठाचंच हाय, तं जास्त घेतलं नाही. हे मॅडमसाठी. त्याइचं निरीक्षण राह्यलं होतं ना."

"हे नियमात बसत नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना नमुना मिळालाच पाहिजे."

"नमुन्याअभावी बैठक तहकूब," प्रफुल्लभाऊ तत्परतेने म्हणाले. "पुढच्या महिन्यात घेऊ. नानाजी, तवा दूध जरा जास्त घ्या."

"पुढच्या महिन्यात मी कुठी राहीन, साहेब?"

यावर कुठलंच कलम नव्हतं. सगळे वाटीकडे पाहत राहिले. तिसऱ्या मिनिटाला गोळा एका बाजूला कलला. शीलाताईंनी घड्याळ पाहिलं नाही, चमचाही उचलला नाही. त्या उभ्या राहिल्या.

"बोला मॅडम," अध्यक्षांनी आशेने आठवण करून दिली. "आणखी एक निरीक्षण?"

"नाही," शीलाताई म्हणाल्या. "कलम अकरा. माझा अभिप्राय अंतिम आहे. हे आइस्क्रीम वारसा आहे आणि जागा नानाजींची आहे. खड्डा आजच बुजवा. हे मला पहिल्या बैठकीत, पहिल्या चमच्यालाच कळलं होतं. पुढच्या सगळ्या बैठकांना मी फक्त खायला येत होते. तुमच्यासारखीच."