चौदावा अर्थ

"आजचं पाकीट सव्वाचार औंस," गेजबाई काट्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात साडेपाच होतं. बरं वाटत नाही का तुम्हाला?"

अँब्रोझ टिडमार्शांच्या अंगाचा तिळपापड झाला. इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातल्या त्या गावात टिडमार्शांचं औषधांचं दुकान आणि समोरच गेजबाईंचं पोस्ट. दोघंही एका थोरल्या इंग्रजी शब्दकोशासाठी फुकट राबायची. जुनी पुस्तकं चाळायची, नेमून दिलेला शब्द सापडला की ते वाक्य चिठ्ठीवर घ्यायचं, खाली साल नि पान लिहायचं आणि संपादकांना धाडायचं. दुर्दैवानं दोघांच्या वाट्याला एकच शब्द आला होता: 'नाइस'.

आज ज्याचा अर्थ नुसता 'छान', तो हा शब्द पूर्वी बरंच काही भोगून आला होता. कधी खुळा, कधी आळशी, कधी लाजाळू, कधी नखरेल, कधी खाण्यापिण्यात चोखंदळ. टिडमार्शांनी असे बारा अर्थ गोळा केले होते. गेजबाईंनी तेरा. संपादकांनी कळवलं होतं की ज्याची चिठ्ठी सर्वांत मोलाची ठरेल, त्या एकाच वाचकाचे आभार प्रस्तावनेत छापले जातील. आणि शत्रूच्या हातूनच टपाल जात असल्यामुळे टिडमार्शांची कमाई दर आठवड्याला शत्रूच्याच तराजूत पडायची.

टिडमार्शांना मत्सर वाटत होता, आणि तो त्यांनी स्वतःपासून लपवलाही नव्हता. रविवारी चर्चमध्ये गेजबाईंची नवी टोपी दिसली की त्यांना ती तेराव्या अर्थाची टोपी वाटायची.

शेवटच्या मुदतीच्या गुरुवारी सकाळी ते स्वयंपाकघरात मध शोधत होते. फडताळात बायकोच्या आजीची हातानं लिहिलेली पाककृतींची वही हाताला लागली. सहज उघडली, तर मनुकांच्या केकच्या पानावर लिहिलेलं: 'लवंग मोजताना नाइस असावे.' म्हणजे काटेकोर. हा अर्थ गेजबाईंच्या तेरांतही नव्हता.

म्हणजे हा चौदावा. उतरवून घेताना चुका होतात, म्हणून स्वतःचं पुस्तक असेल तर सरळ कापून चिकटवा, असा संपादकांचा सल्ला होता. वर्षभरात टिडमार्शांनी प्रवचनांचे दोन खंड आणि घोड्यांच्या रोगांवरचा एक ग्रंथ असाच भादरला होता. आताही डोक्याच्या आधी कात्री चालली. चिठ्ठी तयार झाली, पाकिटात गेली, आणि आज पाकीट किती भरलं हे न ऐकताच ते पोस्टातून घरी परतले.

घरी त्यांची बायको डॉर्कस मनुका निवडत बसली होती. शनिवारी गावचा मेळा होता आणि केकचं पहिलं बक्षीस आठ वर्षं तिच्याकडेच होतं.

"अहो, या पानाला खिडकी कुणी पाडली?"

टिडमार्शांनी पाहिलं. वहीच्या पानातून डॉर्कसचं ॲप्रन दिसत होतं.

"त्याच्या पाठीमागं मसाल्यांची वजनं होती. बाकी सगळं मला पाठ आहे, एवढं सोडून. आता काय, डोळे मिटून घालू?"

"आणतो," टिडमार्श म्हणाले आणि टोपी न घालताच धावले.

पोस्टासमोर टपालाची गाडी उभी होती. गेजबाई पिशवीचं तोंड बांधायच्या बेतात होत्या.

"माझं पाकीट परत द्या. घाईनं."

"परत घ्यायचा हक्क आहे तुम्हाला," गेजबाई म्हणाल्या. "पण मागं घेतलेलं पाकीट आजच्या टपालात पुन्हा टाकता येत नाही. नियम आहे. आणि उद्या पाठवाल तर मुदत गेलेली असेल."

"एकच चिठ्ठी काढून बाकीचं..."

"नियम आहे, टिडमार्शसाहेब." त्यांच्या आवाजात खरी दया होती, आणि तीच जास्त झोंबली.

टिडमार्शांनी क्षणभर विचार केला. प्रस्तावना एकदाच छापली जाणार होती, पण घरी रोज जेवायचं होतं. त्यांनी हात पुढं केला. गाडी निघून गेली तेव्हा ते रस्त्यातच पाकीट छातीशी धरून उभे होते.

केकला बक्षीस मिळालं. टिडमार्शांनी टाळ्या वाजवल्या आणि महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

जूनमध्ये संपादकांचं पत्र आलं. गेजबाई स्वतः घेऊन आल्या. पाकिटावर 'टिडमार्श' वाचून त्यांचा चेहरा आंबट झाला होता.

टिडमार्शांनी घाईघाईनं वाचायला सुरुवात केली. "'काटेकोर' या अर्थाचा घरगुती पुरावा सर्वांत मोलाचा ठरला असून प्रस्तावनेत आभार..." त्यांचा आवाज खाली आला. "...मिसेस डॉर्कस टिडमार्श यांचे."

डॉर्कस पीठ मळत होती. "फेब्रुवारीत पाठवली होती मी ती चिठ्ठी. तुम्ही वर्षभर तो एकच शब्द उगाळत होतात, मला आजीची वही आठवली. एक ओळ उतरवली. कापायचं काय त्यात?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. स्वयंपाकघरात कसली आलीय भाषा, म्हणालात."

"ते पाकीट अर्धा औंससुद्धा नव्हतं," गेजबाई पुटपुटल्या. "पत्ता मी पाहिलाच नाही. वाटलं, बहिणीला लिहिलं असेल."

दुकानात येऊन टिडमार्शांनी आयुष्यात पहिल्यांदा गेजबाईंना खुर्ची दिली, वर पेपरमिंटची बरणी पुढं केली.

"तुमचे तेरा चांगले होते हो," टिडमार्श म्हणाले.

"तुमचे बाराही काही वाईट नव्हते."

संपादकांच्या पाकिटात नव्या शब्दाचा कागदही होता. तो त्यांनी गल्ल्यावर पसरला आणि दोघांची डोकी त्यावर झुकली.

"अहो," आतून डॉर्कसचा आवाज आला, "पुढचा शब्द कोणता आलाय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अजून आला नाही," टिडमार्श म्हणाले, आणि गेजबाईंनी आपली टपालाची पिशवी हळूच त्या कागदावर ठेवली.